आवडत्या हेडफोनच्या वरचा हेडफोन घेताना
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

एकच हेडफोन वर्षानुवर्षे वापरला की कान त्याला सरावतात. मग कधीतरी वाटू लागते, आता याच्या वरचा घ्यावा. असा विचार घेऊन कोणी आमच्या फोंड्याच्या दुकानात आले, की आम्ही आधी बजेट विचारत नाही. सध्याच्या जोडीतले नेमके काय आवडते, हे विचारतो. कारण महाग हेडफोन म्हणजे तुमच्याच हेडफोनची सुधारलेली आवृत्ती, असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा त्याचा स्वभावच वेगळा निघतो आणि जे आवडत होते तेच हातचे जाते.

उदाहरणच द्यायचे तर सेनहायझरचा एचडी ६०० पाहा. १९९७ साली आलेला हा हेडफोन आजही लोक आवडीने वापरतात, विशेषतः नाट्यसंगीत आणि खयाल ऐकणारे. त्यात गळा पुढे असतो, गायक समोर बसून गातो आहे असा. आता त्याच कंपनीचा २००९ सालचा एचडी ८०० कानावर चढवा. मांडणी एकदम प्रशस्त होते. तबला कुठे, संवादिनी कुठे, हे बोट दाखवून सांगता येते. पण गळा थोडा मागे सरकतो, बारीक होतो. शिवाय ६ किलोहर्ट्झच्या आसपास त्याचा आवाज उसळतो, त्यामुळे काही ध्वनिमुद्रणांत ‘स’ आणि ‘श’ टोचतात. पुढच्या एचडी ८०० एसमध्ये ती उसळी शोषून घेण्याची सोय केली आहे, तरी मूळ स्वभाव तोच. वाद्यवृंद ऐकणाऱ्याला यात सुख आहे. मंगेशीच्या अभिषेकीबुवांच्या गळ्यासाठी ज्यांनी एचडी ६०० जपला, त्यांना मात्र आम्ही हा बदल सहसा सुचवत नाही. त्यांनी आधी एचडी ६५० किंवा २०२३ चा एचडी ६६० एस२ ऐकावा. घराणे तेच राहते, खर्जाला भर येते.

आधी गाद्या बदला

कानावरच्या गाद्या हा हेडफोनच्या आवाजाचाच भाग आहे. फोम बसला की कान ड्रायव्हरच्या (आतल्या आवाज काढणाऱ्या भागाच्या) जवळ जातो, कडेची पकड ढिली पडते, आणि खर्ज व तार सप्तकाचा तोल बिघडतो. हे इतके हळूहळू होते की आपल्या लक्षातच येत नाही. आपल्या दमट हवेत कृत्रिम चामड्याच्या गाद्या तर लवकरच सोलवटतात. काळे कपचे गालाला चिकटायला लागले की समजावे. गाद्या शक्यतो मूळ कंपनीच्याच घ्या. मखमलीच्या जागी चामडे किंवा चामड्याच्या जागी मखमल घातली की आवाज बदलतो. नव्या गाद्या घातल्यावर पंधरा दिवस ऐका आणि मगच नवीन हेडफोनचे ठरवा. कित्येकांचे समाधान तिथेच होते, आणि आम्हाला त्यात आनंद आहे.

अँप्लिफायरचे गणित

‘३०० ओहमचा आहे, म्हणजे चालवायला कठीण’ असे सर्रास म्हटले जाते. नुसत्या ओहमवरून, म्हणजे विजेला होणाऱ्या रोधावरून, तसे ठरत नाही. संवेदनशीलताही, म्हणजे तेवढ्याच विजेत हेडफोन किती मोठा वाजतो तेही, पाहावे लागते. ३७ ओहमचा एखादा प्लॅनर (सपाट पडद्याचा) हेडफोन संवेदनशीलतेला कमी असेल, तर तो फोनला ३०० ओहमच्या हेडफोनपेक्षा जास्त वीजप्रवाह मागतो.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. अनेकांच्या घरी जुना स्टिरिओ अँप्लिफायर असतो आणि त्याच्या हेडफोनच्या भोकामागे मोठा रोधक बसवलेला असतो. एचडी ६०० चा रोध सगळ्या सुरांना सारखा नसतो. १०० हर्ट्झच्या आसपास तो ३०० वरून ५०० ओहमच्या वर चढतो. अँप्लिफायरचा स्वतःचा रोध १२० ओहम धरला, तर त्या पट्ट्यात आवाज सुमारे १ डेसिबलने वाढतो. तबल्याच्या डग्ग्याला जो गोल भरीवपणा येतो, तो यातला. प्लॅनर हेडफोनचा रोध जवळजवळ सपाट असतो, त्याला हा भरीवपणा मिळत नाही. म्हणून तुम्हाला आवडणारा खर्ज हेडफोनचा की अँप्लिफायरचा, हे खरेदीआधी कळलेले बरे. त्यासाठी येताना घरचा अँप्लिफायर घेऊन या. जड असला तरी आणा, उतरवून घ्यायला आमचा माणूस गाडीपाशी येईल.

ऐकून पाहताना

दोन हेडफोनांची तुलना करताना जो किंचित मोठा वाजतो तोच ‘स्वच्छ’ वाटतो, मग फरक १ डेसिबलचा का असेना. त्यामुळे आम्ही आधी दोन्हींची पातळी जुळवतो: गादीवर मधोमध भोक असलेली सपाट चकती ठेवायची, भोकात मीटरचा माइक बसवायचा, एकसारखी खरखर वाजवायची आणि आकडा सारखा येईपर्यंत आवाज कमीजास्त करायचा. मग पंखा बंद करून तुमचीच गाणी ऐका, आमची नव्हे. तंबोऱ्याची जवारी (तारांची झणझणती गुंजन) आणि चवथीच्या आरतीतले घुमट हे मातीचे तालवाद्य, या दोन गोष्टी ओळखीच्या असल्या तर फार उपयोगी पडतात. जवारीत वरच्या सुरांचा खरेपणा कळतो. घुमटाची घुमणारी थाप नुसती ढप्प वाजली, तर तो हेडफोन बाजूला ठेवा.

तुमचा संग्रह मुख्यतः जुना असेल तर आणखी एक. केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांवरची ध्वनिमुद्रणे मोनो आहेत. दोन्ही कानांत एकच आवाज जातो आणि तो डोक्याच्या मध्यावरच ऐकू येतो. प्रशस्त मांडणीसाठी दिलेले पैसे तिथे वसूल होत नाहीत. उलट बारकावे दाखवणारा हेडफोन तबकडीची खरखरच जास्त ऐकवतो.

पावसाळ्याचा विचार

एचडी ६०० सारख्या उघड्या पाठीच्या (कपाची बाहेरची बाजू जाळीची असलेल्या) हेडफोनमध्ये बाहेरचे सगळे आत येते. जूनपासून कौलांवर पाऊस कोसळू लागला की विलंबित लयीतले हलके सूर त्यात बुडून जातात. अशा घरात राहणाऱ्यांनी आवडती जोडी तशीच ठेवून, चार महिन्यांसाठी बंद पाठीचा एक साधा हेडफोन घ्यावा, असे आमचे मत आहे. त्याच पैशात उघड्या पाठीची वरची पायरी चढण्यापेक्षा हे जास्त कामी येते.

नवीन जोडी नेली तरी जुनी लगेच विकू नका. कानांना नव्या आवाजाची सवय व्हायला वेळ लागतो, आणि महिन्याने पुन्हा जुनीकडे वळणारे ग्राहकही आहेत. तोवर ती कपाटात नुसती ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि जॅकचा पितळी भाग हिरवट दिसू लागला तर खरवडू नका, आमच्याकडे घेऊन या.