जुनी मनगटी घड्याळं वर्षानुवर्षं सांभाळून ठेवणं (खानदेश)

जी घड्याळं आता रोज हातात घालायची नाहीत पण विकायची नाहीत आणि टाकायची तर मुळीच नाहीत, ती अशी ठेवायची की दहा-वीस वर्षांनी नातवानं चावी दिली तरी चालली पाहिजेत, हा या नोंदीचा विषय. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारकडे, हा काही श्रीमंत शौकिनांपुरता मामला नाही. कितीतरी घरांत कपाटाच्या लॉकरमध्ये एखादं एचएमटी नाहीतर वेस्ट एंड कंपनीचं घड्याळ पडलेलं असतं, लग्नात सासऱ्यांनी जावयाला दिलेलं, नाहीतर मिलच्या किंवा रेल्वेच्या पहिल्या पगारातून घेतलेलं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "आबानं घड्याळ कपाटमा ठेयेल शे." ठेवलंय खरं, पण कसं ठेवलंय ते कोणी बघत नाही.

मे महिन्यात इकडे पारा 45 च्या वर जातो म्हणून सगळ्यांना वाटतं की उन्हाळाच घड्याळाचा वैरी. उष्णतेनं त्रास होतोच, मशीनमधलं तेल पातळ होऊन जागा सोडतं आणि उरलेलं लवकर वाळतं, चामड्याचा पट्टा तडकतो. पण कोरड्या हवेत पोलाद गंजत नाही, गंजतं ते ओलीनं, आणि खानदेशात ओल वर्षातून दोनदा येते. एक पावसाळ्यात, ती सगळ्यांना दिसते. दुसरी भर उन्हाळ्यात कूलरमधून, आणि ती कोणाच्या ध्यानातच येत नाही. बाहेर दुपारी हवेत 20 टक्केसुद्धा आर्द्रता नसते आणि घरात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीपासून कूलर सुरू असतो, खोली बंद, त्याच खोलीत लोखंडी कपाट, त्यामुळे कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात. मग घड्याळाचं काय होत असेल! मी तर म्हणेन इकडच्या घड्याळांना पावसापेक्षा कूलरनंच जास्त खाल्लंय, कारण पावसाळ्यात माणूस निदान सावध असतो.

आमच्याच घरचं सांगतो. आमचे आबा अमळनेरला मिलमध्ये होते, त्यांचं एचएमटी जनता, चावीचं, 17 ज्वेल्सवालं, म्हणजे आत झीज कमी करणारे 17 बारीक खडे असलेलं. ते गेल्यावर आईनं ते सराफाकडच्या गुलाबी कागदात गुंडाळलं, स्टीलच्या डबीत ठेवलं, वर दोन डांबर गोळ्या टाकल्या आणि डबी कपाटात, कपाट कूलरच्या समोर. 14 वर्षांनी काढलं तर काच धुरकट झालेली, कागदाचा गुलाबी रंग केसला, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या बाहेरच्या कवचाला, लागलेला, आणि घड्याळवाल्या काकांनी चावी जरा ओढली तर आतली दांडीच तुटून हातात आली. भिंगाखाली त्यांनी मला दाखवलं, दांडीवर गंजाचे तांबूस पापुद्रे, आणि तो गंज तिथून आत चाकांकडे सरकत गेलेला. ओल बहुतेक घड्याळांत अशीच चावीच्या भोकातून शिरते म्हणून पहिला बळी नेहमी दांडीचा. आईचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, तिनं जीव लावूनच ठेवलं होतं, जसं सोनं आणि शालू ठेवतात तसं. पण घड्याळ म्हणजे सोनंही नाही आणि शालूही नाही.

डांबर गोळ्या घड्याळाजवळ नकोतच. जुन्या घड्याळांची काच बहुतेक वेळा काच नसतेच, अॅक्रिलिकचं प्लास्टिक असतं, आणि त्या गोळ्यांची वाफ प्लास्टिकला आणि रंगाला त्रास देते. कापूरही नको. अजून जुन्या, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या घड्याळांत सेल्युलॉइडची काच सापडते, पिवळी पडलेली, ती तर स्वतःच आम्लाची वाफ सोडते आणि खालचे काटे गंजवते, अशी काच बदलून वेगळीच ठेवावी. रबर बँडमध्ये गंधक असतं म्हणून तोही गुंडाळू नये, वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी, तोही नको. कापूस आपल्याकडे कमी नाही पण तो ओल धरतो आणि त्याचे तंतू आत जातात. धुतलेलं, पूर्ण वाळलेलं जुनं मलमल सगळ्यात बरं.

ठेवायच्या आधी पट्टा काढायचा, चामड्याचा असेल तर नक्कीच, कारण त्यात वर्षांचा घाम आणि मीठ मुरलेलं असतं. जुन्या एचएमटीच्या केस कितीतरी वेळा पितळेच्या, वरून क्रोमचा मुलामा, पट्ट्याच्या कडेला घाम साचून तो मुलामा खड्डे पडून उडतो, म्हणून कोरड्या मऊ ब्रशनं आणि लाकडी टूथपिकनं तो मळ काढायचा. पॉलिश मारू नका, मुलामा एकदा घासून गेला की गेला. डायलला तर हातच लावायचा नाही, डाग असले तरी मूळ डायल ती मूळ डायल, नव्यानं रंगवलेल्या चकचकीत डायलपेक्षा कधीही चांगली.

मग झिपलॉकची साधी पॉलिथिनची पिशवी, तो वास मारणारा मऊ पीव्हीसीचा पाऊच नाही, आणि सोबत सिलिका जेलची पुडी. केशरी दाणे ओल शोषून हिरवट झाले की ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर तापवले की परत कामाला येतात. तांदूळ टाकून काही होत नाही, उलट पीठ सुटतं. हवा साधारण 40 ते 55 टक्के आर्द्रतेची असली की झालं, अगदी हाडासारखी कोरडी करायची गरज नाही. डब्यात आर्द्रता मोजणारा एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर टाकून ठेवा, म्हणजे अंदाजानं बोलायला नको.

जागेचं म्हणाल तर जुनी धाब्याची घरं याला फार चांगली होती, जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचंच छत असल्यामुळे मधल्या खोलीत दिवसभरात तापमान फार हलत नाही. आता पत्रा किंवा स्लॅब, त्यामुळे माळ्यावरची ट्रंक सगळ्यात वाईट. घराच्या आतली, उन्हाची भिंत नसलेली खोली बघा जिथे कूलरची हवा जात नाही. स्पीकरजवळ नको, चुंबकाच्या झाकणाच्या मोबाइल कव्हरजवळ नको, हेअरस्प्रिंगचे, म्हणजे घड्याळाची गती सांभाळणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे चुंबकानं एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ एकदम पुढे पळायला लागतं. बँकेचं लॉकर चोरीच्या दृष्टीनं बरं, पण तळघरातलं असेल तर पुडी वेळेवर बदलावीच लागते.

महिन्यातून एकदा चावी द्यावी का, यावर घरोघरी वाद आहे. माझं मत स्पष्ट आहे. सर्व्हिसिंग होऊन चार-पाच वर्षांच्या आतलं घड्याळ असेल तर वर्षातून दोन-तीनदा, आखाजीला आणि दिवाळीच्या साफसफाईत धरा, चावी देऊन एक दिवस चालू द्यावं. पण तेल वाळलेलं असेल तर ते वाळलेलं तेल आणि धूळ मिळून घासायच्या पेस्टसारखी होते, तेव्हा प्रत्येक चावी म्हणजे आतल्या बारीक टोकांची झीज. अशा वेळी झोपू द्या, घालायच्या आधी सर्व्हिसिंग करा. आणि ठेवताना ते आपोआप थांबू द्या, चावी ओढून अडवून ठेवू नका, चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी जुनी पोलादी कमान (मुख्य स्प्रिंग) ताणलेल्या अवस्थेत वर्षं काढते आणि तिचा ताण जातो. सेलवाल्या घड्याळाचा तर सेलच काढून ठेवा, तो फुटला की आतलं सर्किट खातो.

एक गोष्ट मनावर घ्या. 1960 च्या आधीच्या ज्या घड्याळांचे आकडे आणि काटे अंधारात चमकायचे त्यांत रेडियम असायचं. आता चमकत नाहीत म्हणून संपलं असं नाही, चमकणारं द्रव्य थकलंय, रेडियमचं अर्धआयुष्य 1600 वर्षांचं आहे. अशी घड्याळं बंद पिशवीत, झोपायच्या खोलीपासून दूर, हवा खेळती असेल अशा जागी ठेवावीत, घरी उघडू नयेत, ती पावडर श्वासात जाता कामा नये. मुलांच्या हातात तर नाहीच.

एचएमटीनं 1961 मध्ये बेंगळुरूला जपानच्या सिटिझनच्या मदतीनं घड्याळं करायला घेतली आणि 2016 मध्ये ती कंपनी बंद करायचा निर्णय झाला, त्यामुळे गंजलेल्या भागाला आता कारखान्यातून नवा भाग येत नाही, दुसरं एखादं जनता मोडावं लागतं. आबांच्या घड्याळाला दांडी अशीच एका मोडलेल्या घड्याळातून मिळाली. केसवरचा गुलाबी डाग अजून थोडा आहे, तो मी पुसायला दिला नाही. डबी आता मधल्या खोलीत असते, आत सर्व्हिसिंगची तारीख लिहिलेली चिठ्ठी आणि पुडी, आणि पोळा झाला की आई स्वतः आठवण करते, पुडीचा रंग बघ रे.