डॉल्फिन, ‘व्यक्ती’ आणि २०१३ चे परिपत्रक : पार्श्वभूमी

व्हेलसारखे सागरी सस्तन प्राणी टाकीत ठेवून तिकीट लावण्याचा प्रकार न्यूयॉर्कमध्ये १८६० च्या दशकातच झाला होता. त्याचा मोठा धंदा बनला तो १९३८ मध्ये फ्लोरिडात सागरी उद्यान उघडल्यानंतर. भारतात हा प्रश्न उशिरा आला आणि आला तो मृत्यू घेऊनच. १९९० च्या दशकाच्या अखेरीस चेन्नईजवळच्या एका उद्यानात बल्गेरियातून आणलेले डॉल्फिन सहा महिन्यांच्या आत दगावले. एवढे होऊनही पुढे महाराष्ट्र, कोची आणि दिल्ली परिसरातून पर्यटनाच्या नावाखाली डॉल्फिनेरियमचे, म्हणजे डॉल्फिन टाकीत ठेवून त्यांचे खेळ दाखवणाऱ्या केंद्रांचे, प्रस्ताव येतच राहिले. तोवर, २००९ मध्ये, गंगेतील डॉल्फिनला राष्ट्रीय जलचराचा मान देण्याचा निर्णयही झाला होता.

या प्रस्तावांना १७ मे २०१३ च्या केंद्रीय परिपत्रकाने आळा घातला. राज्यांनी डॉल्फिनेरियमला परवानगी देऊ नये, हा त्याचा गाभा. पण गाजले ते त्यातले एक वाक्य. डॉल्फिनची बुद्धी पाहता त्यांना ‘मानवेतर व्यक्ती’ मानावे, त्यांचे स्वतंत्र हक्क असावेत आणि करमणुकीसाठी त्यांना कोंडणे नैतिकदृष्ट्या गैर आहे, असे अनेक शास्त्रज्ञांचे मत असल्याचे त्यात नमूद होते. पाहता पाहता ‘भारताने डॉल्फिनला व्यक्तीचा दर्जा दिला’ अशी बातमी जगभर पसरली आणि ती आजही अधूनमधून नव्याने फिरते. प्रत्यक्षात परिपत्रकाने शास्त्रज्ञांचे मत उद्धृत केले होते; दर्जा दिला नव्हता, आणि परिपत्रकाने तो देताही येत नाही.

गोंधळाचे मूळ ‘व्यक्ती’ या शब्दात आहे. मराठीत व्यक्ती म्हणजे माणूस, हे आपण गृहीतच धरतो. कायद्यात मात्र कंपनी आणि देवळातली मूर्ती यादेखील व्यक्ती ठरतात, कारण त्यांच्या नावे मालमत्ता असू शकते आणि दावा चालू शकतो. परिपत्रकातली ‘व्यक्ती’ माणूस या अर्थाची नाही आणि कायद्यातल्या अर्थाचीही नाही. स्वतःची जाणीव असलेला जीव, हा तत्त्वज्ञानातला अर्थ तिथे अभिप्रेत आहे. बाटलीनाक्या डॉल्फिनना आरशात स्वतःची ओळख पटते, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगावरून मांडले गेल्यापासून त्या अर्थाला वजन आले. २०१७ मध्ये उत्तराखंडात न्यायालयाने गंगा-यमुनेला कायदेशीर व्यक्ती ठरवले आणि काही महिन्यांतच त्या निर्णयाला वरच्या न्यायालयाकडून स्थगिती मिळाली, तेव्हा नदी आणि तिच्यातला डॉल्फिन यांची गल्लत होऊन हा घोळ आणखी वाढला.

खरे तर बंदीसाठी चेन्नईचा अनुभवच पुरेसा होता. शिवाय बंदी आली तेव्हा देशात एकही डॉल्फिनेरियम चालू नव्हते, त्यामुळे हा निर्णय तुलनेने स्वस्तात झाला. कॅनडाने २०१९ मध्ये अशाच बंदीचा कायदा केला, पण आधीच कैदेत असलेल्या प्राण्यांना त्यातून वगळावे लागले. फ्रान्सने २०२१ मध्ये कायदा करून खेळ थांबवण्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली. ती संपण्यापूर्वीच, जानेवारी २०२५ मध्ये, तिथल्या आंतीब शहरातले सागरी उद्यान बंद झाले आणि त्यातल्या दोन ऑर्कांना (किलर व्हेलना) कुठे न्यायचे यावर वाद होत राहिला.