मावशीच्या हिरड्या, मावशीची किडनी

मावशीनं कडक भाकरी सोडली, तेव्हाच आमच्या लक्षात यायला हवं होतं. सोलापूरच्या घरात ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी नाही असा दिवस जात नाही. ती मात्र दोन वर्षं भाकरी आमटीत कुस्करून, पार मऊ झाली की मगच खायची. खालचे पुढचे दोन दात हलत होते. पूर्व भागात राहून तिनं चाळीस वर्षं विड्या वळल्या आणि रोज सकाळ-संध्याकाळ तळहातावर मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, घेऊन बोटानं दात घासले. शुगर होती, बीपी होतं. मागच्या वर्षी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं निघालं. किडनीच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहिता लिहिता विचारलं, "मावशी, हिरड्यांतून रक्त येतं का?"

"येतंय की. मिश्री लावली की थांबतंय."

त्या उत्तरातच दुखण्याची मेख आहे. तंबाखूतल्या निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्त दिसेनासं होतं, आजार मात्र आत चालूच राहतो.

माणसाच्या तोंडात जीवाणूंच्या ७०० हून अधिक जाती सापडल्या आहेत. हॉलंडच्या लेवेनहूकनं १६८३ साली स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. हे सगळे जीव काही शत्रू नव्हेत. जिभेवरचे काही जीवाणू पालेभाज्यांतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, त्यापासून पुढे शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि रक्तवाहिन्या सैल राहतात. म्हणून जंतुनाशक माउथवॉशनं मनानंच रोज गुळण्या करत राहू नये.

घोटाळा होतो तो दात आणि हिरडी यांच्या फटीत. तिथला थर निघाला नाही की त्याचं कीटण होतं, हिरडी सुजून दातापासून सुटते आणि खोल खाच पडते. तिथं हवा पोचत नाही, आणि पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारख्या जीवाणूंना तेच हवं असतं. आजार बळावलेल्या माणसाच्या तोंडातल्या या सगळ्या खाचांचं सुजलेलं अस्तर उलगडून पसरलं, तर ते ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरतं. म्हणजे जवळपास काडेपेटीच्या पाठीएवढी उघडी जखम, तीही वर्षानुवर्षं. घास चावताना, दात घासताना तिथून थोडे जीवाणू रक्तात शिरतात. निरोगी शरीर त्यांचा लवकर निकाल लावतं. पण त्या जखमेतून दाह वाढवणारी रसायनंही रक्तात झिरपत राहतात आणि रक्तवाहिन्यांचं आतलं नाजूक अस्तर दुखावतं. किडनी म्हणजे तर अशा केसासारख्या वाहिन्यांचे गुच्छच. एकेका किडनीत सुमारे १० लाख गाळण्या असतात आणि दोन्ही मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. शुगर आणि बीपीनं आधीच थकलेल्या या गाळण्यांवर आणखी एक भार पडतो.

उलटा रस्ताही आहे. किडनी मंदावली की रक्तातला युरिया लाळेत उतरतो आणि तोंडातले जीवाणू त्याचा अमोनिया करतात. म्हणून अशा पेशंटच्या तोंडाला उग्र वास येतो, जेवण बेचव लागतं. मावशी म्हणायची, कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तशी तोंडाला चव येते. लाळ अशी बदलली की कीटणही भराभर साचतं. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ वर गेला की तोंड किती कोरडं पडत असेल, याची कल्पना आपल्यालाच येईल.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी किडनीच्या ७०० हून अधिक पेशंटची माहिती तपासून २०२० साली हेच दाखवलं: हिरड्यांचा दाह वाढला की किडनीचं काम घटतं आणि किडनीचं काम घटलं की हिरड्यांचा दाह वाढतो. जपानमध्ये आयजीए नेफ्रोपथी या किडनीच्या आजारात दात किडवणाऱ्या जीवाणूचा एक खास प्रकार जास्त आढळला आहे. पण हिरड्यांवर उपचार केले म्हणजे किडनी वाचते, असं मोठ्या चाचण्यांतून अजून सिद्ध झालेलं नाही. तसं कुणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. हिरड्यांच्या उपचारानं शुगर मात्र थोडी उतरते, हे बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. शुगरच किडनी पोखरत असेल, तर मला तेवढं कारण पुरेसं वाटतं.

याहून सरळ धोका दुसरीकडेच आहे, आणि त्याचीच मला जास्त काळजी वाटते. दाढ ठणकली की आपण मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणतो, चार-चार दिवस घेतो. या गोळ्या किडनीकडचा रक्तपुरवठा कमी करतात. किडनी आधीच अधू असेल तर एवढ्यानंही ती ढासळू शकते. मावशीच्या पिशवीत अशी अर्धी संपलेली दोन पाकिटं निघाली.

दातांच्या डॉक्टर बाईंनी मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई एकेका दाताभोवती फिरवली आणि असिस्टंटला आकडे सांगत गेल्या, "तीन, चार, सहा, सहा, सात..." हे आकडे खाचेच्या खोलीचे; तीनपर्यंत ठीक असतं. बीपीची कोणती गोळी चालू आहे हेही त्यांनी आधी विचारून घेतलं, कारण अॅम्लोडिपिननं काहींच्या हिरड्या फुगतात. शेजारच्या खुर्चीवरचे काका डायलिसिसवर होते. त्यांना दात काढायला डायलिसिस झाल्यावर दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं, कारण डायलिसिसमध्ये रक्त पातळ ठेवायला हेपॅरिन देतात.

मावशीची खोलवर सफाई तीन खेपांत झाली. मिश्री सुटायला त्याहून जास्त दिवस लागले. तीन महिन्यांनी सळई पुन्हा फिरली, तेव्हा सहाचे चार झाले होते आणि रक्त आलं नाही. क्रिएटिनिन होतं तिथंच आहे. कडक भाकरी ती अजून भिजवूनच खाते, कारण दाताखालचं झिजलेलं हाड सफाईनं परत येत नाही.