मचूळ पाण्यावर गहू येतो, पण जमीन कुठली?

विहीर तळाला जाऊन पाणी मचूळ लागायला लागलं, की जत-आटपाडीकडे प्रश्न येतो: यावर गहू निघेल का? निघतो. मातीच्या अर्काची ईसी, म्हणजे विद्युतवाहकता (क्षार जितके जास्त, तितकी ती जास्त), 1.5 डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की द्राक्ष घटू लागतं, 1.7 ला ऊस. गहू मात्र 6 पर्यंत तग धरतो. त्यापुढे दर एककाला साधारण 7 टक्के उत्पादन जातं.

लोकवनसारख्या चपातीच्या गव्हात जनुकांचे तीन संच असतात. तिसरा संच एका रानगवताकडून आलेला. त्यातलं एक जनुक मुळातून पानाकडे निघालेलं सोडियम वाटेतच अडवतं. खपली आणि बन्सी या गव्हांत हा संच नसतोच. त्यामुळे खपलीला भाव कितीही असो, मचूळ पाण्यावर तिची हौस नको.

लहानपणी मात्र गहू नाजूक. उगवताना आणि तीन आठवड्यांनी मुकुटमुळं फुटताना त्याला गोडंच पाणी हवं. शेततळ्यात थोडं असेल तर ते ओलवणीला, म्हणजे पेरणीआधीच्या पाण्याला, आणि पेरणीनंतरच्या पहिल्या पाळीला राखावं. मचूळ पाणी पुढच्या पाळ्यांना. दोन्ही पाणी एकत्र करण्यापेक्षा असं पाळीपाळीनं देणं बहुधा बरं.

खरी अडचण हिशोबात आहे. 2 ईसीच्या पाण्यात लिटरमागे सुमारे सव्वा ग्रॅम क्षार असतात. एकरभर रानाला 6 सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे जवळपास 2 लाख 40 हजार लिटर. त्यातून 300 किलो क्षार रानात उतरतात. पन्नास किलोची सहा पोती, एका पाळीत!

राजस्थानच्या वाळूसर जमिनीत पाऊस ती पोती खाली धुऊन नेतो. तिथल्याच खारचिया या गावरान वाणाचा वारसा घेऊन कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेनं खारसहनशील जाती तयार केल्या. आपल्या खोल काळ्या रानात निचराच मंद. त्यात सोडियम साठलं की चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, रान चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारं होतं. वाळवा-मिरजेकडे तर गोड्या पाण्याच्या अतिरेकानंही शिवारं क्षारपड झाली. आता तिथे निचऱ्यासाठी जमिनीखालून सच्छिद्र पाइप घालावे लागतात.

म्हणून मुरमाड, निचऱ्याच्या रानात मचूळ पाण्यावर गहू करून बघायला माझी हरकत नाही. पाण्याच्या अहवालात ईसीशेजारचा सोडियमचा आकडा तेवढा आधी वाचावा. खोल काळ्या रानात मात्र पावसाच्या ओलीवरचा शाळूच बरा.