घाम म्हणजे ‘अंगातली उष्णता’ नव्हे

दादरला लोकलमधून उतरलात आणि शर्ट पाठीला चिकटलेला असला, की कुणीतरी म्हणतंच, “अंगात उष्णता फार तुझ्या. घामावाटे विष निघून जातंय, बरंच आहे.” माझ्या मावशीनं तर यावर किलोभर सब्जा खपवला.

घामात जवळजवळ ९९ टक्के पाणी असतं, उरलेलं मुख्यतः मीठ. नको ती द्रव्यं काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडांचं. घाम त्वचेवर वाळताना उष्णता घेऊन जातो, एवढंच त्याचं काम, आणि मुंबईत नेमकं तेच अडतं. हवा आधीच दमट, त्यामुळे घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. अंग निवत नाही, म्हणून आणखी सुटतो. नागपूरच्या ४५ अंशांत शर्ट कोरडा आणि इथे ३३ मध्ये चिंब, तो यामुळे.

पण एसीत बसूनही तळहात इतके ओले की परीक्षेच्या पेपरावर शाई फुटते, त्याचा दोष हवेला देता येणार नाही. हा हायपरहायड्रोसिस. गरज नसताना नसा घामाच्या ग्रंथींना इशारा देत राहतात. त्वचारोगतज्ज्ञ यावर बहुधा आधी ॲल्युमिनियम क्लोराइडचं लोशन देतात, ते रात्री, अगदी कोरड्या त्वचेवर लावायचं.

उकाडा अचानक सोसेनासा झाला, सोबत धडधड आणि घटतं वजन असेल, तर थायरॉइड तपासा. रजोनिवृत्ती किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही घाम वाढतो (गोळ्या मनानं बंद करू नका). रात्री चादर भिजते, खोकला, ताप आहे? मग क्षयाची तपासणी आधी. सब्जा नंतर, फालुद्यात.