रात्री खुराड्यातून ओरडा का येत नाही?

नाशिककडे मळ्यातल्या वस्तीवर खुराडं रिकामं झालं की नाव पहिलं बिबट्याचं निघतं. साहजिकच आहे, निफाड-सिन्नरच्या उसात तो असतो आणि कोंबडीही सोडत नाही. पण जाळी कोपऱ्यात वीतभर उचकटलेली, तिच्याखाली उकरलेली ताजी माती आणि एखाददुसरीच कोंबडी गायब, असं दिसलं तर संशय रानमांजर, उदमांजर किंवा मोकाट कुत्र्यावर घ्यावा. मुंगसाला यातून वगळा, तो दिवसा फिरणारा गडी.

मग हमखास प्रश्न येतो: एवढं झालं, तर कोंबड्या ओरडल्या कशा नाहीत? करणीपासून भुताटकीपर्यंत सगळी उत्तरं मिळतात. खरं उत्तर बरंचसं कोंबडीच्या डोळ्यात आहे.

दृष्टिपटलात दोन तऱ्हेच्या पेशी असतात, हे शाळेत झालेलं आहे: मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडाकार आणि रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार. माणसाच्या एका डोळ्यात दंडाकार पेशी साधारण १२ कोटी, शंक्वाकार ६० लाख. कोंबडीचा हिशेब उलटा. तिच्याकडे शंक्वाकार जास्त, त्याही चार प्रकारच्या (आपल्याकडे तीन), शिवाय जोडशंकू वेगळे. शंकूपेशीत तेलाचा सूक्ष्म थेंब असतो, बहुतेकांत तो लाल, पिवळा असा रंगीत. प्रकाश त्यातून गाळून पुढे जातो, म्हणून रंगारंगांतला फरक नेमका कळतो. मातीत सांडलेला दाणा हेरायला असा डोळा फार कामाचा. पण गाळणी आली की थोडा प्रकाश वाया गेलाच. भर दुपारी ते परवडतं, दिवस मावळल्यावर नाही.

रानमांजराच्या डोळ्यात दंडाकार पेशींची गर्दी. अशी एक पेशी एकाच प्रकाशकणालाही प्रतिसाद देऊ शकते. त्यावर अनेक पेशींचे संकेत एकाच चेतापेशीत जमा होतात, भिशीसारखे. वाटा छोटा, रक्कम मोठी. चित्र धूसर होतं, पण हालचाल दिसते. शिवाय दृष्टिपटलामागे टेपिटम ल्युसिडम हा परावर्तक थर. पेशींच्या हातून निसटलेला प्रकाश तो परत पाठवतो, म्हणजे टिपायची दुसरी संधी. डायनासोरांच्या काळात सस्तन प्राण्यांचे पूर्वज रात्री वावरत, म्हणून त्यांचे डोळे असे घडले, ही मांडणी प्राण्यांच्या डोळ्यांचे अभ्यासक गॉर्डन वॉल्स यांनी १९४२ मध्ये केली. बॅटरीच्या उजेडात बांधावर चमकणारे ‘दोन दिवे’ या परावर्तक थराचेच. गाय, शेळी, कुत्रा यांनाही तो असतो, तेव्हा लगेच बिबट्या किंवा वेताळ ठरवू नये.

तर अंधारात कोंबडी दांडीवर गप्प बसून राहते. दिसत नसताना पळणार कुठे? राखण जाळीलाच करावी लागते. षटकोनी छिद्रांची पातळ ‘कोंबडी जाळी’ कोंबड्यांना आत ठेवते. कुत्र्याला बाहेर ठेवण्याची ताकद तिच्यात नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड केलेली चौकोनी छिद्रांची जाळी, घ्यावी आणि खुराड्याच्या बुडाशी दीड-दोन फूट बाहेरच्या बाजूला जमिनीत आडवी पुरावी. उकरणारं जनावर भिंतीला लागूनच उकरतं, तिथे पंजा जाळीवर अडतो. लुकलुकते दिवे आणि अल्ट्रासाऊंडची यंत्रं यांच्या जाहिराती जोरात आहेत, पण जनावरं सरावतात. विष किंवा फासे तर नकोतच. रानमांजर आणि उदमांजर दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

दिसेनासं होण्याआधी कोंबड्या आपणहून खुराड्यात शिरतात, त्यामुळे घड्याळापेक्षा उजेड पाहून दार लावावं. डिसेंबरात सहाच्या सुमारासच सूर्य मावळतो, जूनमध्ये सात वाजून गेलेले असतात. स्वयंचलित दार बसवणार असाल तर टायमरऐवजी प्रकाशावर चालणारं बघा, आणि कडीला खिट्टी घाला. सैल कडी कुत्र्याच्या नाकानेही वर होते.