वारा सुटला की वीज बंद

मुंबईत विजेच्या तारा बहुतेक जमिनीखालून जातात, त्यामुळे तारेच्या ठिणगीने रान पेटते हे इथे चटकन पटत नाही. पण शहरात वीज येते ती डोंगर ओलांडून. खोपोलीची जलविद्युत 1915 मध्ये आली तीही मनोऱ्यांवरूनच. होळीच्या सुमारास बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापासून घाटापर्यंत गवत वाळून कोरडेठाक झालेले असते. आपल्याकडचे वणवे बहुधा माणसाच्या हातून लागतात, म्हणून तारांकडे कुणी फारसे वळून पाहिले नाही.

इतरांना पाहावे लागले. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात 7 फेब्रुवारी 2009 रोजी वणव्यांत 173 माणसे गेली. त्यांतली 119 एकाच वणव्यात, आणि तो लागला तार तुटून.

खरा वाद पेटला तो कॅलिफोर्नियात. ऑक्टोबर 2007 मध्ये सान दिएगोच्या परिसरात तारांच्या ठिणग्यांनी डोंगर पेटले. त्यानंतर तिथल्या वीज कंपनीने मागणी केली, की कोरडा वारा सुटला की आम्हीच आधी वीज बंद करू. राज्याच्या वीज नियामकांनी 2009 मध्ये ती फेटाळली. वीज गेली की पाण्याचे पंप थांबतात, फोन बंद पडतात, घरी यंत्रावर श्वास घेणाऱ्या रुग्णाचे काय, हा आक्षेप होता आणि तो रास्तच होता. 2012 मध्ये अटी घालून परवानगी मिळाली. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्याच्या उत्तरेला जवळपास शंभर वर्षांच्या वाहिनीवरचा तार टांगणारा झिजलेला हूक तुटला, त्या वणव्यात 85 जण दगावले, आणि पुढच्याच ऑक्टोबरात तिथल्या कंपनीने सात लाखांहून अधिक ग्राहकांची वीज तोडली. वर्षानुवर्षांच्या देखभालीतली कुचराई ग्राहकाच्या माथी मारली, ही टीका मला तरी खोडता येत नाही. त्याच महिन्यात खबरदारी म्हणून गावांची वीज बंद असताना 230 केव्हीची (किलोव्होल्ट) मोठी वाहिनी मात्र चालू ठेवली होती. तिचीच जोडतार (मनोऱ्यावर दोन बाजूंच्या तारा जोडणारी तार) तुटली आणि 77 हजारांहून अधिक एकर रान जळाले.

मुंबईकराला वीज जाण्याची किंमत समजावून सांगायला नको. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी ग्रीड कोलमडली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या.

वीज न तोडता करण्याची कामे जुनीच आहेत: आवरण असलेल्या तारा, भूमिगत केबल, झाडांची छाटणी. जंगलातल्या 220 केव्ही वाहिनीसाठी आपल्याकडे 35 मीटरचा पट्टा धरतात. तो साफ ठेवायचा तर दर पावसाळ्यानंतर पुन्हा कोयता चालवावा लागतो.